पिवळा कार्डिनल : रानातला रिज्क आणि पिंजऱ्यातला दाणा

पक्षी सकाळी उपाशीपोटी बाहेर पडतात आणि संध्याकाळी पोट भरून परततात, या अर्थाची तिर्मिजी शरीफमधील हदीस आपण मुलांना सांगतो. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हेही समजावतो. पण बाहेर पडलेल्या पक्ष्याला परतता यावे, ही जबाबदारी कोणाची? या महिन्यात आम्ही एका दूरच्या पक्ष्याची हकीकत सांगत आहोत.

अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग हे पिवळ्या कार्डिनलचे घर. लांबी सुमारे 20 सेंटीमीटर, अंग हिरवट-पिवळे, डोक्यावर काळा तुरा. त्याला घनदाट जंगल नको आणि उजाड माळही नको. गवत आणि अधूनमधून काटेरी झाडे असे विरळ रान त्याला मानवते. तिथला एस्पिनिल्यो आपल्या बाभळीच्या गोतातला, तर अल्गारोबो वेड्या बाभळीचा भाऊबंद. घरटे काट्यांच्या आडोशाला, अन्न मात्र खाली. हा पक्षी बहुधा जमिनीवरच चरतो. गवताचे बी टिपतो, किडे शोधतो. ऑक्टोबरमध्ये तिथे वसंत असतो. तेव्हा पिलांच्या चोचीत किडे-अळ्या पडतात. म्हणून झाड तोडले की त्याचे घर जाते आणि गवत नांगरले की ताट जाते. शेतीसाठी बऱ्याच ठिकाणी दोन्ही गेले.

उरलेल्यांना त्यांचा गळाच भोवला. नर गोड गातो आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज खपवून घेत नाही. पारधी पिंजऱ्यातला नर तिथे नेऊन ठेवतात. त्याचे गाणे ऐकून रानातला नर भांडायला येतो आणि सापळ्यात अडकतो. मादी एकटी राहते. आज रानात हे पक्षी फार तर काही हजारच उरले असावेत.

अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली. ती वर घिरट्या घालू लागली. अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी ते पाहिले आणि पिले परत ठेवायला सांगितली.

आपल्याकडेही पोपट आणि मुनिया पिंजऱ्यात दिसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. मुलांनी पक्ष्यासाठी हट्ट धरला तर पिंजरा आणू नये. गॅलरीत पाण्याचे भांडे ठेवावे. पक्षी येईल, पाणी पिईल आणि संध्याकाळी आपल्या घरट्यात परतेल.