हल्ला जरूर करा, हिशेबही द्या

मे 2025 मध्ये आपल्या सरकारवर एक विनंती करायची पाळी आली. ही विनंती पाकिस्तानला नव्हती, आपल्याच वृत्तवाहिन्यांना होती. हवाई हल्ल्याचा भोंगा बातम्यांच्या मागे पार्श्वसंगीत म्हणून वाजवू नका, असं नागरी संरक्षण खात्याने त्यांना लेखी कळवलं. टीव्हीवर रोज भोंगा ऐकून लोकांचे कान सरावले, तर खरा वाजेल तेव्हा कोणी जागचं हलायचं नाही, ही त्यामागची भीती होती. सीमेवर माणसं मरत होती आणि दिल्लीत एक अधिकारी बसून वाहिन्यांना भोंग्यांबद्दल समजावत होता.

त्याच सुमारास एका रात्री वाहिन्यांनी कराची बंदर जाळलं, इस्लामाबाद घेतलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यरात्रीनंतर लाहोरही पडलं. गच्चीवरची गळकी टाकी दुरुस्त करायला ज्यांच्याकडून प्लंबर आणवत नाही, त्या गृहस्थांनी पाकिस्तानचे चार तुकडे कसे करायचे याचा नकाशा टाकला, खाली अंगठ्यांची रांग लागली. सकाळी लाहोर जागच्या जागी होतं. ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात आलं, आणि रात्री काय झालं होतं याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

एवढं वाचून काहींना वाटेल, हा आपल्यातला दिसतोय, मेणबत्तीवाला. तर तसं नाही. पहलगामजवळच्या बैसरण पठारावर 22 एप्रिलला 26 माणसं मारली गेली, धर्म विचारून मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली होती: डोंबिवलीची तीन, पुण्याची दोन, पनवेलचं एक. त्यानंतर 6-7 मेच्या मध्यरात्री भारताने नऊ ठिकाणांवर हल्ले केले ते योग्यच केले, असं माझं स्वच्छ मत आहे. मुरीदके हे लष्कर-ए-तैयबाचं ठाणं आणि बहावलपूर जैश-ए-मोहम्मदचं, हे जगाला ठाऊक होतं. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारला विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात आपण मसूद अझहरला सोडलं, पुढच्या वर्षी त्याने जैश काढली. संसदेवरचा आणि पुलवामाचा हल्ला ही त्याच झाडाची फळं. बिन लादेन 2011 मध्ये सापडला तो अ‍ॅबटाबादला, पाकिस्तानी लष्कराच्या प्रबोधिनीपासून हाकेच्या अंतरावर. पाहुण्यांची अशी बडदास्त ठेवणाऱ्या देशाला खलित्यांमागून खलिते पाठवून भागत नाही.

आधी कारणं समजून घ्या, असं सांगणारे सज्जन मला भेटतात. कारणं मीही समजून घेतो. पण आपण समजून घेतली म्हणून मुरीदकेतली भरती एका पोरानेही कमी झाली, याचा दाखला द्या आणि मग मला शहाणपण शिकवा. 2008 च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, गेटवे ऑफ इंडियापाशी मेणबत्त्यांचा महापूर लोटला होता. आता पुरे झालं, असे इंग्रजी फलक होते. पाच महिन्यांनी लोकसभेची निवडणूक आली तेव्हा त्याच दक्षिण मुंबईत मतदान झालं कसंबसं चाळीस टक्के. सलग सुट्ट्या आल्या होत्या ना.

लष्कर वापरून दहशतवादी संघटना संपवता येते का? येते. श्रीलंकेने मे 2009 मध्ये तमिळ वाघ संपवले. पण वाघांकडे मुलूख होता, किलिनोच्चीसारखी राजधानी होती, स्वतःचं आरमार होतं. होतं म्हणून हिसकावता आलं. त्याची किंमत म्हणजे, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे, शेवटच्या काही महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत. त्याच वाघांना निःशस्त्र करायला 1987 मध्ये आपली शांतिसेना गेली होती. सुमारे बाराशे जवान गमावून ती 1990 मध्ये परतली, आणि पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींची हत्या केली. लष्कर-ए-तैयबाकडून काय हिसकावणार? चार इमारती, एक मैदान. मागे उभं आहे अण्वस्त्रधारी सैन्य, आणि त्याच्या मागे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. 9 मेला, क्षेपणास्त्रं उडत असताना, नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला आणि आपण मतदानापासून दूर राहिलो. क्षेपणास्त्राने तिथला माल महाग होतो, दुकान बंद होत नाही. महाग करणं हेही काम आहे आणि ते करावंच लागतं. फक्त ते केल्यावर दुकान बंद झालं अशी दवंडी पिटू नये.

पण हल्ल्यानंतर आपल्याकडे हिशेबाला बंदी असते. 27 फेब्रुवारी 2019 ला, बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं एक हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहाजण गेले, जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. ती मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं ऑक्टोबरात. मधल्या काळात बालाकोटच्या नावावर लोकसभेची अख्खी निवडणूक लढवून झाली होती. नाशिकला त्या अंत्यसंस्काराला लोटलेल्या गर्दीला हे ठाऊक असायला नको होतं का? शत्रूला कळेल म्हणून गुप्तता पाळतात हे मला समजतं. पण इथे शत्रूपासून लपवण्याजोगं काय होतं? आपलंच हेलिकॉप्टर आपणच पाडलं, एवढंच तर होतं.

2025 मध्येही तोच खाक्या. आपली विमानं पडली का, या प्रश्नावर आठवडे गेले. प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरला. मग 31 मेला संरक्षणदल प्रमुखांनी हो म्हटलं, तेही सिंगापुरात, एका परदेशी वाहिनीच्या मुलाखतीत. विरोधक विशेष अधिवेशन मागत होते, ते मिळालं नाही. संसदेत चर्चा झाली जुलैच्या शेवटी. नुकसान झालं तर झालं, लढाईत होतंच. ते मालकाला कळायच्या आधी परक्या गावात सांगायचं, ही कुठली रीत?

मेच्या त्या लढाईत सीमेवर एक अग्निवीर गेला, त्याचं कुटुंब आपल्या घाटकोपरला राहिलेलं. अग्निवीराच्या घरच्यांना विम्याची आणि सानुग्रह रक्कम मिळते, कायम जवानाच्या घरच्यांसारखं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. लाहोर घेणाऱ्या आमच्या ग्रुपवर या विषयाला एकही अंगठा आला नाही.

मला खरा राग येतो तो किनाऱ्याच्या बाबतीत. 1993 मध्ये रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या काही लोकांना पैसे चारले होते, पुढे कोर्टात त्यांना शिक्षाही झाल्या. 12 मार्चला मुंबईत 257 माणसं मेली. एवढ्या प्रेतांनंतर निदान समुद्राची बाजू तरी बंदिस्त व्हायला हवी होती. पंधरा वर्षांनी कराचीहून दहाजण निघाले, पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवली, तिच्या तांडेलाला मारलं आणि रबरी होडीतून थेट कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. समुद्रातून हल्ला होऊ शकतो अशा सूचना त्याआधी आलेल्या होत्या. त्या दहांना पहिल्यांदा हटकलं कोणी? कोळीवाड्यातल्या माणसांनी. कोण रे तुम्ही, कुठून आलात? आपलं काम बघा, असं उर्मट उत्तर मिळालं. पोरं अनोळखी, पाठीवर अवजड बॅगा, होडी मासेमारीची नाही. कोळ्यांच्या नजरेला जे खटकलं, ते नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस अशा तीन पदरी यंत्रणेच्या नजरेला पडलंच नाही. त्या हल्ल्यात 166 माणसं गेली.

आणि शिक्षा कोणाला झाली? मोठ्या शहरांत असल्या छोट्या गोष्टी होतात, अशा अर्थाचं सिनेमाछाप वाक्य बोलले म्हणून आर. आर. आबांचं गृहखातं गेलं. ताज पाहायला जाताना सिनेदिग्दर्शकाला सोबत नेलं म्हणून विलासरावांचं मुख्यमंत्रिपद गेलं. एकाचं पद वाक्यापायी गेलं, दुसऱ्याचं सोबतीपायी. किनाऱ्यापायी कोणाचंच गेलं नाही. आबा वर्षभरात त्याच खात्यात परतले, आणि मुंबईभर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहायला 2016 साल उजाडलं.

पुढचा अध्याय तर विनोदी आहे. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. राज्यभर धावपळ. नंतर कळलं की नौका एका ऑस्ट्रेलियन बाईंची, इंजिन बिघडल्यामुळे जूनमध्ये ओमानच्या बाजूला सोडून दिलेली, ती वाहत आली. घातपाताचा संशय दिसत नाही, असं गृहमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं आणि सगळ्यांनी हुश्श केलं. अहो, हुश्श कसलं करता? इंजिन बंद, सुकाणूवर माणूस नाही, नुसत्या वाऱ्यावर आणि पाण्याच्या ओढीवर एक नौका अरबी समुद्र ओलांडून रायफलींसकट आपल्या दारात येते, आणि ती पहिल्यांदा दिसते ती गावकऱ्यांना. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यातच येतं, शेखाडीच्याच. एकोणतीस वर्षांत त्या तालुक्याने एवढी प्रगती केली की आता बोट आणायला तस्करही लागत नाही.

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर रात्रीची गस्त कोण घालतं, त्याची बोट चालू आहे की धक्क्याला बांधून ठेवली आहे, हे विचारायला क्षेपणास्त्र लागत नाही. पण त्याला टाळ्या नाहीत, म्हणून ते कोणी विचारत नाही. बहावलपूरवर हल्ला करा म्हणून गळा काढणाऱ्या माणसाने आपल्या आमदाराला सागरी पोलीस ठाण्याबद्दल एकदा तरी विचारलंय? उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही.

कंटाळवाण्या कामाबद्दलची आपली ही तुच्छता त्या दहांपैकी एक असलेल्या कसाबच्या खटल्यात उघडी पडली. मुंबई पोलिसांच्या तुकाराम ओंबळे यांनी हाती लाठी असताना त्याच्या रायफलीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. आणि जिवंत सापडला म्हणून कराचीपासूनचा सगळा माग उलगडला. कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचं फेब्रुवारी 2009 मध्ये पाकिस्तानला कबूल करावं लागलं. भारताला आजवर मिळालेला हा सर्वांत मोलाचा साक्षीपुरावा. आपल्याला त्यातलं काय आठवतं? बिर्याणी. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट आपण रचून सांगितली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच 2015 मध्ये जाहीर केलं. तरी आजही लग्नाच्या पंगतीत कोणीतरी तावातावाने म्हणतोच, त्याला बिर्याणी खाऊ घालत होते हो! ओंबळ्यांचं गाव कुठलं, हे त्याला विचारून बघा.

पहलगामच्या मारेकऱ्यांचं तरी काय झालं? 7 मेला हल्ले झाले तेव्हा ते पाकिस्तानात नव्हतेच, काश्मीरच्या जंगलात होते. लष्कर, केंद्रीय राखीव पोलीस दल आणि जम्मू-काश्मीर पोलिसांनी त्यांचा माग सोडला नाही. 28 जुलैला श्रीनगरजवळ दाचीगामच्या रानात तिघांना गाठलं. त्यांच्याजवळच्या रायफली चंदिगडच्या प्रयोगशाळेत नेल्या, तिथे रातोरात गोळ्या झाडून पाहिल्या, आणि बैसरणला सापडलेल्या पुंगळ्यांशी खुणा जुळवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पुंगळीवरचे ओरखडे जुळवणारा तो तंत्रज्ञ कोणत्या वाहिनीवर दिसला? शक्तीचा वापर म्हणतात तो हाही आहे. त्याचवेळी दुसरी एक गोष्ट विसरू नका: हजारो पर्यटक जाणाऱ्या त्या पठारावर 22 एप्रिलला एकही बंदूकधारी जवान नव्हता. सुरक्षेत कसूर झाली, जबाबदारी माझी, असं नायब राज्यपालांनी जुलैत सांगितलं. त्यापायी खुर्ची मात्र कोणाचीच हलली नाही.

दरम्यान नवं धोरण आलं. यापुढे प्रत्येक दहशतवादी हल्ला हे युद्ध समजलं जाईल, असं सरकारने मे 2025 मध्ये जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला घाम फुटला. म्हणजे भारताने युद्ध कधी करायचं, हे आता मुरीदकेतल्या कोणा म्होरक्याने ठरवायचं? त्याला तेच तर हवं आहे. भारताशी तणाव वाढला की पाकिस्तानी जनता लष्कराच्या मागे उभी राहते आणि लष्कर त्या म्होरक्याच्या मागे. मारायचं की नाही, कधी मारायचं, किती मारायचं, हे आपल्या सोयीने ठरवण्यात बळ असतं. ते आधीच लिहून दिलं तर चाप दुसऱ्याच्या बोटाखाली जातो.

या धोरणाची परीक्षा सहा महिन्यांत झाली. 10 नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं गेली. मंत्रिमंडळाने त्याला दहशतवादी कृत्य म्हटलं. युद्ध झालं नाही. शहाणपणाच केला, आणि हे मी सरकारचं कौतुक म्हणून लिहितो आहे. पण मग मे महिन्यातलं ते वाक्य गेलं कुठे? ते मागे घेतलं, की ते फक्त सभेपुरतं होतं? ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना हे विचारावंसंही वाटलं नाही.

त्या कटाचा बराचसा साठा स्फोटाआधीच हाती लागला होता, तो कसा, हेही त्यांनी विचारलं नाही. श्रीनगरच्या नौगाम भागात भिंतींवर जैशची पत्रकं लागली होती. स्थानिक पोलिसांनी ती फाडून गप्प न बसता कोणी लावली याचा छडा लावायला घेतला, आणि तो माग फरिदाबादपर्यंत जाऊन हजारो किलो स्फोटक साहित्यापाशी थांबला. 14 नोव्हेंबरच्या रात्री नौगाम ठाण्यात त्याच साठ्याचे नमुने घेताना स्फोट झाला. नऊजण मेले. पोलीस होते, न्यायवैद्यक शाखेचे लोक होते, महसूल खात्याचे होते, पोलिसांनी मदतीला बोलावलेला एक शिंपीही होता. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात कुठल्या चौकात फलक लागला असेल, तर पत्ता कळवा. मी जाऊन बघून येईन.