डब्याखालची चाकं

लेगोच्या गाडीचा विषय निघाला की आपलं बोलणं आधी मोटरवर जातं. मोटर विकत मिळते. गाडी वळणावर अडखळणार की सरळ निघून जाणार, ते ठरतं मागच्या डब्यांखालच्या बिनमोटरच्या बोग्यांवर, आणि त्या आपल्यालाच घडवाव्या लागतात.

आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, लेगोच्या रुळांमधलं अंतर सुमारे 38. प्रमाण आलं 1:44. आयसीएफ प्रकारच्या डब्याच्या बोगीतलं, दोन ॲक्सलमधलं 2896 मिलिमीटरचं अंतर या हिशोबाने 66 मिलिमीटर, म्हणजे जवळपास आठ स्टड (लेगोच्या विटेवरचे उंचवटे) भरतं. डब्याची रुंदी नऊ. इतकं सोयीचं माप हाती असताना आपण सहा स्टड रुंदीचे डबे करत राहावं, हे मला पटत नाही.

नेहमीच्या वळणाची त्रिज्या 40 स्टड. तिथे बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे बारा टक्के लांब पडतो. टेक्निकच्या एकाच ॲक्सलवर दोन्ही चाकं घट्ट बसवली, तर त्यातलं एक घासत जाणारच. म्हणून ॲक्सल मधोमध तोडावा. प्रत्येक चाकाला स्वतःचा आखूड ॲक्सल द्यावा आणि त्याला चाकाच्या आत एक, बाहेर एक असे दोन बीम धरू द्यावेत. एकाच आधारावर चाक कलतं आणि फ्लँज रुळावर चढते. बाहेरच्या बीमचा आणखी एक उपयोग आहे: खऱ्या बोगीचा ॲक्सलबॉक्स तिथेच दिसतो.

ॲक्सल पोलादी असेल, तर आपल्या चौल-रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत त्याला गंज धरतो, म्हणून त्यावर तेल सोडायचा मोह होतो. तेलावर धूळ बसते, काही तेलांनी तर प्लास्टिकला चिरा जातात. पोलादी ॲक्सल पुसून बंद डब्यात ठेवावेत. प्लास्टिकच्या ॲक्सलला शिसपेन्सिलीच्या टोकाची बारीक पूड पुरते.

चौलला रेल्वे नाही, पण जिल्ह्यातल्याच नेरळ-माथेरान मार्गाचा 1:20 चा चढ परीक्षेला चांगला आहे. आठ सरळ रूळ जोडले की मीटरभर लांबी होते. एक टोक पाच सेंटिमीटर उचलावं. डबा आपण होऊन उतरू लागला नाही, तर बोगी खोलून पुन्हा जोडावी.

एलएचबी प्रकारच्या डब्याच्या बोगीचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. तिच्या दोन ॲक्सलमधलं अंतर सात स्टडच्या आसपास येतं, पण ॲक्सलवरच्या ब्रेक डिस्कला जी जागा हवी, तीच आतला बीम अडवतो. ज्यांनी यातून वाट काढली असेल, त्यांनी आपली आकृती मापांसह जरूर पाठवावी.