सरोवरांसाठी द्रव्य : कोठे आणि किती काळ?

बिघडलेले तळे स्वच्छ करावयाचे म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते गाळ उपसणाऱ्या यंत्रांचे, पाण्यावरील वनस्पती ओढून काढणाऱ्या मजुरांचे आणि काम संपल्यावर काठावर बसविलेल्या कोनशिलेचे. सार्वजनिक पैशाने झालेले काम डोळ्यांना दिसावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु सरोवराचा रोग बहुधा सरोवरात नसतो. तो भोवतालच्या गटारांत, शेतांत आणि नद्यांत असतो. म्हणून मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांवर सरकारने खर्च करावा की नाही, एवढेच विचारून भागत नाही. तो खर्च कोठे करावा आणि किती काळ करीत राहावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हा पैसा प्रथम पाणलोट क्षेत्रावर खर्च झाला पाहिजे, तो दरवर्षी मिळत राहिला पाहिजे, आणि त्याचा एक ठरलेला भाग मापनासाठी राखून ठेवला पाहिजे.

विज्ञानविषयक लेखनाचा मराठीत अनुवाद करणाऱ्यास या विषयात एक शब्द हमखास अडवितो. सरोवरांच्या या रोगाला शास्त्रज्ञांनी जे नाव दिले आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'उत्तम पोषण' असा होतो. आपल्या भाषेत पोषण हा शुभ शब्द आहे. त्याला रोगाचे नाव कसे करावे? म्हणून 'अतिपोषण' म्हणणे बरे. माणसाचे मैलापाणी, कपडे धुण्याचे डिटर्जंट, शेतातील खत यांतून फॉस्फरस आणि नत्र ही द्रव्ये पाण्यात येतात. वनस्पतींना ती अन्न म्हणून उपयोगी पडतात. पाण्यातील शैवालांनाही हे अन्न मिळाले की त्यांची बेसुमार वाढ होते. पुढे ती मरून तळाशी जातात, तेथे कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवितात, आणि तळाजवळचे मासे व इतर जीव गुदमरतात. हा जमाखर्च एकदा समजला म्हणजे पुढील विवेचन कठीण वाटणार नाही.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण उत्तर अमेरिकेत आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ओंटारिओ ही पाच महासरोवरे आहेत. पृथ्वीच्या पाठीवरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांत साठलेला आहे आणि ३ कोटींहून अधिक लोकांना त्यांतून पिण्याचे पाणी मिळते. त्यांपैकी ईरी हे सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली सुमारे १९ मीटर आणि पश्चिम भागात तर ती ७ मीटरांच्या आसपास आहे. काठी मोठमोठी शहरे आणि भोवती सुपीक शेती. १९६० च्या दशकात या सरोवरात शैवालांचे हिरवे थर पसरू लागले, तळाचा प्राणवायू नाहीसा होऊ लागला, आणि 'ईरी मेले' असे वृत्तपत्रे लिहू लागली.

दोष कोणाचा, याविषयी त्या वेळी मोठा वाद झाला. फॉस्फरस हे कारण असेल तर डिटर्जंट बदलावे लागणार होते. उलट, खरे कारण कार्बन आहे, फॉस्फरस नव्हे, असा उद्योगपक्षाचा युक्तिवाद होता. या वादाचा निकाल प्रयोगाने लागला. कॅनडाच्या सरकारने ओंटारिओ प्रांताच्या वायव्येस, वस्तीपासून दूर, काही लहान सरोवरे १९६८ साली केवळ संशोधनासाठी राखून ठेवली होती. तेथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये '२२६' या क्रमांकाच्या सरोवराच्या मध्यभागी पडदा घालून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र मिसळले. फॉस्फरस मात्र एकाच भागात मिसळला. काही आठवड्यांतच तो भाग हिरवागार झाला आणि दुसरा पूर्वीसारखाच राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र शाळकरी मुलालाही समजेल इतके स्पष्ट आहे.

दोन्ही देशांनी तोपर्यंत पावले उचलली होती, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. १५ एप्रिल १९७२ रोजी महासरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेविषयी त्यांच्यात करार झाला. त्याच वर्षी अमेरिकेत जलशुद्धीचा कायदा आला. खर्च फार होईल म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. परंतु काँग्रेसने तो नकार धुडकावून कायदा मंजूर केला. या कायद्यान्वये नगरांच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या बांधणीचा ७५ टक्के खर्च केंद्र सरकार देऊ लागले. डिटर्जंटमधील फॉस्फेटावर मर्यादा आल्या. १९६८ च्या सुमारास ईरीमध्ये वर्षाला जवळजवळ २९,००० टन फॉस्फरस येत होता. १९८० च्या दशकात तो ठरविलेल्या ११,००० टनांच्या मर्यादेपर्यंत खाली आला. शैवाल ओसरले. मेलेले म्हटलेले सरोवर पुन्हा नांदू लागले. सार्वजनिक द्रव्याने आणि कायद्याच्या बळाने इतके मोठे जलाशय सुधारता येते, याचा हा निर्विवाद पुरावा होय.

ही कथा येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शैवाल परत येऊ लागले आणि २०११ मध्ये तर ते अभूतपूर्व प्रमाणात पसरले. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात शैवालांचे विष आढळले. सुमारे ४ ते ५ लाख लोकांना 'हे पाणी पिऊ नका' असे सांगावे लागले. पाणी उकळून प्यावे, हा घरोघरीचा उपायही येथे निरुपयोगी होता. कारण उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही, उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते. जगातील अत्यंत संपन्न अशा देशात, अथांग गोड्या पाण्याच्या काठी, माणसे दुकानांत बाटलीबंद पाणी शोधीत फिरत होती. ही अवस्था तीन दिवस राहिली.

असे का झाले? पैसा शहरांच्या नळांवर खर्च झाला होता. शेतांकडे तो पुरेसा पोहोचला नव्हता. १९७२ च्या कायद्याने कारखाने आणि नगरपालिका यांना परवान्याच्या बंधनात आणले; पावसाबरोबर शेतांतून वाहून येणारे पाणी मात्र त्या बंधनाबाहेर राहिले. मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांखालून निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या आहेत. त्यांतून विरघळलेला फॉस्फरस थेट ओढ्यांत व तेथून सरोवरात जातो. फॉस्फरसाचे एकूण वजन फारसे वाढले नव्हते; त्यातील विरघळलेला, म्हणजे शैवालांना तत्काळ पचणारा अंश वाढला होता. ओहायओमधील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने १९७० च्या दशकापासून नदीच्या पाण्याचे नमुने चिकाटीने तपासले नसते, तर हा भेद कोणाच्या लक्षातही आला नसता.

आणि तरीही कात्री प्रथम लागते ती मापनावरच. ज्या राखीव सरोवरांत तो निर्णायक प्रयोग झाला, त्यांचा वार्षिक खर्च सुमारे २० लाख डॉलर होता. २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने हे साहाय्य थांबविण्याचे ठरविले. शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी आवाज उठविला, ओंटारिओ प्रांताने मदत केली, आणि २०१४ पासून एका स्वतंत्र संस्थेने ते कार्य हाती घेतले, म्हणून ते वाचले. अमेरिकेतही २०१० मध्ये ४७.५ कोटी डॉलरांची तरतूद करून महासरोवरांच्या पुनरुज्जीवनाची योजना सुरू झाली. पुढे ती वर्षाला ३० कोटींच्या आसपास स्थिरावली. परंतु २०१७ मध्ये शासनाने अंदाजपत्रकातून ती संपूर्ण वगळण्याचा प्रस्ताव मांडला. काठावरील राज्यांच्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी विरोध केला आणि काँग्रेसने तरतूद कायम ठेवली. सरोवराचा रोग दशकांनी मोजावा लागतो, अंदाजपत्रक मात्र वर्षाचे असते. या विसंगतीतच खरी अडचण आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय सरोवर संरक्षण योजना २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये ती पाणथळ जागांच्या योजनेत विलीन करून एकच राष्ट्रीय योजना करण्यात आली. बहुतेक राज्यांत खर्चाचा ६० टक्के भाग केंद्र व ४० टक्के भाग राज्य उचलते. ईशान्य आणि हिमालयीन राज्यांत हे प्रमाण ९० व १० असे आहे. योजना आहे, वाटणीही न्याय्य आहे. प्रश्न उरतो तो विनियोगाचा.

मणिपूरमधील लोकताक सरोवर पाहा. त्यावर 'फुमदी' नावाची, वनस्पती व माती यांची तरंगती बेटे आहेत. त्यांवरच केयबुल लामजाओचे राष्ट्रीय उद्यान आणि दुर्मिळ सांगाई हरणाचे घर आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की फुमदी तळाला टेकत आणि मातीतून पोषण घेऊन जाड होत. १९८३ मध्ये वीजप्रकल्पासाठी इथाई येथे बंधारा झाला व पाणी वर्षभर उंच राहू लागले. उद्यानातील फुमदी पातळ होऊन हरणांचा भार पेलेनाशा झाल्या. दुसरीकडे इंफाळ शहरातून येणारी नांबुल नदी मैलापाणी आणते. अशा ठिकाणी यंत्रे लावून फुमदी काढीत राहणे म्हणजे ताप उतरविण्यासाठी रोग्याचे कपाळ पुसणे होय. भोपाळच्या मोठ्या तलावाचा धडाही हाच आहे. १९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जसाहाय्याने तेथे मोठे काम झाले. परंतु सुमारे ३१ चौरस किलोमीटरांच्या त्या तलावाचे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर असून त्याचा मोठा भाग शेतीचा आहे. तलाव राखायचा तर त्याच्या जवळजवळ बारापट जमिनीची चिंता वाहावी लागते.

केवळ बांधकामाने काय होते, तेही आकडेच सांगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर मैलापाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३,१८४ कोटी लिटर होती. प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते २,०२४ कोटी लिटर. म्हणजे जी केंद्रे आपण पैसे घालून बांधली, त्यांच्या क्षमतेचाही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग उपयोगात नव्हता. केंद्र बांधण्यास निधी मिळतो. ते चालविण्यास लागणारी वीज, कुशल माणसे आणि दुरुस्ती यांचा खर्च मात्र बहुधा दुर्बळ नगरपालिकेच्या माथी येतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ज्याने पाणी बिघडविले त्यानेच भरपाई करावी, करदात्याने का? कारखान्यांपुरते हे योग्यच आहे आणि तसा दंड झालाच पाहिजे. परंतु ईरीला बिघडविणारे हजारो शेतकरी होते आणि आपल्या शहरांचे मैलापाणी तुमचे-आमचेच आहे. दोष जेथे सर्वांचा, तेथे खर्चही सर्वांचा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शाळा आणि दवाखाने अपुरे असताना सरोवरांवर पैसा का घालवावा? उत्तर एवढेच की, दवाखान्यालाही पाणी लागते. पाण्याचा साठा एकदा बिघडला की तो सुधारण्यास दशके लागतात, आणि तोवर त्याची किंमत प्रथम भरतात ते कोळी आणि विकतचे पाणी न परवडणारी कुटुंबे.

म्हणून सरोवरासाठी निधी मंजूर होताना तीन प्रश्न विचारले जावेत. आराखड्यात सरोवराचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र आहे काय? बांधकामानंतरच्या निदान पंधरा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे काय? आणि पाण्याचे नमुने नियमित घेऊन त्यांचे निष्कर्ष त्या प्रदेशाच्या भाषेत प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे काय? हे प्रश्न विचारण्यास शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. या पत्रिका वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या जलाशयाला मिळणारे पाणी कोठून येते, वाटेत त्यात काय मिसळते, याचा नकाशा काढावा. शिक्षकांनी तो ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या सभेत मांडावा. कोनशिलेवर नाव कोणाचे असावे यापेक्षा तो नकाशा सभेपुढे येणे अधिक अगत्याचे आहे.