माझं मत: मराठीत एक रॉक गाणं!

न्यूझीलंडचा 'एलियन वेपनरी' हा मेटल बँड तुम्ही ऐकलाय का? हेन्री आणि लुईस डी याँग या भावांनी तो २०१० मध्ये सुरू केला. तेव्हा हेन्री १० वर्षांचा होता आणि लुईस फक्त ८ वर्षांचा. पुढे त्यांचा मित्र ईथन बास गिटार वाजवायला आला. २०१६ मध्ये त्यांनी शाळकरी बँडची 'रॉकक्वेस्ट' स्पर्धा जिंकली.

त्यांची बरीच गाणी माओरी भाषेत आहेत. लहानपणी हे भाऊ माओरी शाळेत शिकले. एका गाण्यात १८६४ सालच्या गेट पा इथल्या लढाईची गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, "एवढ्या गोंगाटात भाषा कशाला?" मला हे पटत नाही. आपण मराठी कुठे बोलतो? आजीशी फोनवर, नाहीतर गणपतीच्या आरतीत. ते छानच आहे. पण मित्रांबरोबर दंगा करताना लगेच इंग्रजी सुरू होतं. मग मराठी ही फक्त मोठ्यांची भाषा वाटायला लागते.

म्हणून आपणही आपल्या मित्रांबरोबर मराठीत एक गाणं लिहूया. उच्चार थोडे चुकले तरी चालतील. शब्द अडला तर आजीला विचारा. गाणं ऐकून ती कदाचित कानांवर हात ठेवेल, पण शब्द नक्की सांगेल!

तुम्हाला काय वाटतं?