गडग्यापलीकडे

सिंगापूरहून परतलेला माणूस ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत तो सांगतो, ‘रस्त्यावर कागदाचा कपटा दिसला नाही हो!’ पुढच्या पाच मिनिटांत च्युइंगगमवरची बंदी येते, मग दंडाचा आकडा येतो, आणि चहा पुढे येईपर्यंत गृहस्थ निष्कर्षाला पोचलेले असतात: ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही. इथे लष्करच हवं.’ हा निष्कर्ष मी गेली तीसएक वर्षे ऐकत आलो आहे. मंडणगडच्या बाजारपेठेत ऐकला, मुंबईच्या लोकलमध्ये ऐकला, साहित्य संमेलनाच्या मांडवातही ऐकला. सांगणाऱ्याच्या हातातला शेंगांचा रिकामा पुडा तेवढ्यात खिडकीबाहेर गेलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी तीन आठवडे मी स्वतःच तिथे राहून आलो. शहर स्वच्छ आहे, यात वादच नाही. पण ते कशामुळे स्वच्छ आहे, याविषयीची आपली समजूत मात्र मला मुळातच चुकीची वाटू लागली आहे.

मी उतरलो होतो तो मित्राकडे. मंडणगडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. जहाजदुरुस्तीच्या कामाच्या निमित्ताने चाळीस वर्षांपूर्वी तो तिकडे गेला आणि तिथलाच झाला. तोआ पायो नावाच्या जुन्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर त्याचे घर आहे. घरात देव्हारा, स्वयंपाकघरात कोकम आणि कुळथाचे पीठ, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. गणपतीत तिथल्या महाराष्ट्र मंडळात आरतीला जातो, एरवी मराठी बोलायला बायको आणि फोन. पहिल्याच दिवशी पहाटे मला जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. तिथे सकाळी सातच्या सुमारास उजाडते. घड्याळात साडेपाच, बाहेर मिट्ट काळोख आणि खाली कोणीतरी झाडते आहे. मंडणगडलाच असल्यासारखे वाटले. मित्राला म्हटले, ‘लोक इतके स्वच्छ, मग हा झाडतो काय?’ तो हसला. ‘अरे, इथला माणूस काही फार स्वच्छ नाही. शनिवारी रात्री खाली उतरून बघ. पण रविवारी तू उठशील तोवर सगळं नाहीसं झालेलं असेल.’

मी शनिवारी रात्री मुद्दाम खाली उतरलो. बाकांखाली बिअरचे डबे होते, कागदी पेले होते, सिगारेटची थोटके होती. आपल्याइतके नाही, पण होते. आणि रविवारी सात वाजता खरोखरच काही नव्हते.

माझी उभी हयात बँकेत गेली. दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पाच रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत व्हाउचरे पालथी घालत बसत असू. कॅशियर सारेच सज्जन होते म्हणून कॅश जुळत नव्हती. रोज जुळवावी लागत होती म्हणून जुळत होती. त्या शहराची कॅश रोज पहाटे जुळते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

आता थोडा इतिहास पाहू, कारण लष्कर मागणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. १९५९ साली ली कुआन यू पंतप्रधान झाले तेव्हाचे सिंगापूर आजच्या पर्यटकाला ओळखूही आले नसते. पत्र्याच्या आणि झावळ्यांच्या झोपड्या, उघडी गटारे, नदीकाठी डुकरांचे आणि बदकांचे गोठे. १९६० मध्ये घरबांधणी मंडळ स्थापन झाले. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी नावाच्या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे सोळा हजार माणसे उघड्यावर आली. मंडळाने धडाक्याने इमारती उभारून त्यांना पक्की घरे दिली. आज तिथल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठजण सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. स्वच्छतेची मोठी मोहीम आली ती १९६८ च्या ऑक्टोबरात. म्हणजे आठ वर्षे घरे बांधून झाल्यावर.

फेरीवाल्यांचे उदाहरण तर आपल्या प्रत्येक नगरसेवकाने पाठ करावे असे आहे. १९६८-६९ मध्ये रस्त्यावर विकणाऱ्यांची मोजदाद झाली, ते सुमारे १८,००० निघाले. त्यांना हुसकावून दिले नाही. नोंदणी केली, आणि मग पुढली पंधरा-सोळा वर्षे नळ, मोरी, वीज आणि छप्पर असलेली खाद्यकेंद्रे एकामागून एक बांधली. १९८६ पर्यंत सगळे रस्त्यावरून तिथे गेले. नदी साफ करायचे काम १९७७ ते १९८७ असे दहा वर्षे चालले. त्यात २६,००० कुटुंबे हलवावी लागली, आणि नुकसानभरपाई सोडून सुमारे १७ कोटी सिंगापूर डॉलर खर्च आला. च्युइंगगमवरची बंदी, जिच्यावर आपला प्रवासी एवढा फिदा असतो, ती १९९२ ची. सगळे उभे राहिल्यानंतरची. आपण मात्र पाटी आधी लावतो: ‘येथे कचरा टाकू नये, दंड केला जाईल.’ मग टाकावा कुठे, हे त्या पाटीवर नसते.

म्हणून त्या राज्याची आरती ओवाळावी असेही नाही. जी माणसे हलवली त्यांना फारसे विचारले नव्हते. १९६३ च्या फेब्रुवारीत शंभरावर विरोधकांना चौकशीवाचून तुरुंगात घातले, त्यातले काही वर्षानुवर्षे आत राहिले. लष्कर हवे म्हणणाऱ्यांना हेच तर हवे असते, असे मला कधी कधी वाटते. त्यांना घरे बांधायची नसतात. दुसऱ्याला आत घातलेले बघायचे असते.

कोकणी माणूस घाणेरडा आहे, हे मला कोणी सांगू नये. आमच्या तालुक्यात कुठल्याही वाडीत जा. खळे सारवलेले, तुळशीपुढे रांगोळी, पडवीत केराचा कण नाही. आणि तो केर कुठे आहे? गडग्यापलीकडे. पूर्वी त्यात पातेरा, नारळाच्या शेंड्या, माशांची खवले एवढेच असायचे. मातीत मिसळून जायचे. आता दुधाच्या पिशव्या असतात, गुटख्याच्या पुड्या असतात, लहान मुलांचे लंगोट असतात. गडग्यापलीकडे उतार असतो, उताराखाली पऱ्या. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की सगळे पऱ्यातून नदीला, नदीतून समुद्राला. काही भाग वाटेत अडकतो, आणि पऱ्याच्या खालच्या अंगाला पुष्कळदा दुसऱ्या कोणाची तरी वाडी असते.

त्या ‘दुसऱ्या कोणाच्या’ वाडीविषयी मंडणगडच्या माणसाने तरी गप्प बसू नये. आंबडवे आमच्याच तालुक्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते मूळ गाव. ‘आंबडवेकर’ वरून पुढे आडनाव आले. खराटा कोणाच्या हातात द्यायचा हे आपल्याकडे जन्मावरून ठरत आले, म्हणूनच बाकीच्यांना तो हातात घ्यावासा वाटला नाही आणि त्याची किंमतही कधी नीट मोजावीशी वाटली नाही. जे काम फुकट किंवा शिळ्या भाकरीवर होते, त्याचे खाते आपण उघडत नाही. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग कीर्तन करीत. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. काही गावे त्यातून खरोखर बदलली. पुष्कळ गावांत मात्र समिती यायच्या आदल्या दिवशी झाडणे झाले आणि समिती गेल्यावर सत्काराची भाषणे.

सिंगापूरने खराट्याला जातीपासून सोडवले. पण तो कोणाच्या हातात गेला? मित्राबरोबर मी रोज खालच्या खाद्यकेंद्रात जेवायला जात असे. टेबले पुसणारे बहुतेक म्हातारे. एकाच्या पाठीला बाक आला होता, वय माझ्यापेक्षा सहज दहा वर्षांनी जास्त. सगळे त्याला ‘अंकल’ म्हणत. म्हणण्यात आदर होता, पण अंकल पुसत होता आणि आम्ही बसलो होतो. आपले ताट आपणच उचलून ठेवावे, नाहीतर दंड, असा नियम तिथे २०२१ मध्ये करावा लागला. साठ वर्षांच्या शिस्तीनंतर! मित्र आधीपासून स्वतःचे ताट उचलत असे. मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘आईने लावलेली सवय, यात सरकारचं काही नाही.’

रविवारी तो मला लिटल इंडियात घेऊन गेला. तमिळ आणि बांगलादेशी मजुरांनी रस्ते फुलून गेले होते. इमारती तेच बांधतात, रस्ते तेच खोदतात. कामावर जाताना उघड्या लॉरीत मागे बसून जातात. एवढ्या आधुनिक शहरात हे दृश्य पाहून मी थबकलो. २०१३ च्या डिसेंबरात याच भागात बसखाली एक तमिळ मजूर मेला आणि दंगल उसळली. २०२० च्या साथीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. तीन लाखांहून अधिक मजूर शहराच्या कडेच्या डॉर्मिटऱ्यांत एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस राहत होते, आणि वर्षअखेरीस हिशेब झाला तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना लागण होऊन गेलेली होती. म्हणजे गडगा तिथेही आहेच. फक्त तो इतका लांब बांधला आहे की नवव्या मजल्यावरून दिसत नाही.

तरीही एक फरक उरतो. त्यांच्याकडे झाडण्याचे खाते आहे. कोण झाडतो, किती वाजता, किती पगारावर, आणि आला नाही तर बदली कोण, हे कुठेतरी लिहिलेले असते. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, झाडायला मिळत नाही. शाखाधिकारी असताना एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक शौचालयाच्या उद्घाटनाला हजर होतो. कोनशिला संगमरवरी होती. सहा महिन्यांनी दाराला कुलूप लागले, कारण पाण्याचे आणि सफाईचे पैसे अंदाजपत्रकात कोणी धरलेच नव्हते.

आमच्याच तालुक्यातल्या वेळासला वेगळे घडले. नाना फडणवीसांचे हे गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि पूर्वी माणसे ती उकरून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्याच माणसांना अंडी राखण्याचे काम दिले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना बघायला पाहुणे येऊ लागले, आणि घरोघरी त्यांच्या जेवणाराहण्याची सोय झाली. आता किनाऱ्यावर कोणी घाण केली तर गावच बोलते. गावाच्या संस्कारांत एकाएकी काही भर पडली असे नव्हे. काम नेमून दिले गेले, त्याचा मोबदला ठरला, आणि किनारा कोणाचा हा प्रश्न सुटला.

मंडणगडलाही आता नगरपंचायत आहे. तिच्या अंदाजपत्रकाच्या सभेला जाऊन चार साधे प्रश्न विचारावेत असे मी काही दिवस मित्रमंडळींना सांगतो आहे. झाडणाऱ्यांची संख्या किती? त्यांतले कायम किती, ठेक्यावरचे किती? हातमोजे वर्षाला किती घेतले? बाजारपेठ सोडून गाडी कुठल्या वाडीपर्यंत जाते? पुतळ्यांविषयी आणि कमानींविषयी विचारायला इतर पुष्कळ लोक असतात.

मित्र आता वर्षातले सहा महिने गावी राहायचे म्हणतो. वाडीतल्या घराची कौले त्याने बदलून घेतली, मोरी नवी केली. परवा त्याचा फोन आला. डॉक्टर, लाइट, रेंज यांविषयी विचारील असे वाटले होते. त्याने विचारले, ‘कचरा न्यायला किती वाजता येतात रे?’

‘तुझ्या वाडीत येत नाहीत,’ मी म्हटले.

‘मग टाकायचा कुठे?’

‘तुझे वडील टाकायचे तिथेच. गडग्यापलीकडे.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण तिकडे आता घर झालंय ना कोणाचं तरी?’

‘झालंय,’ मी म्हटले. ‘माणसं राहतात.’