अटींसह मंजूर

सीपरी बाजारातून रूळ ओलांडून झाशी शहरात ये-जा करणाऱ्या आमच्या वाचकांस २०१६ चा मे महिना स्मरत असेल. त्याच्या आदल्याच महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेल्या आगगाड्या लातुरास पोचल्या होत्या. परमुलखात राहणाऱ्या आपणां सर्वांस त्या वार्तेने अभिमानही वाटला आणि लाजही. मग तशीच एक गाडी बुंदेलखंडासाठी म्हणून झाशीत आली. राज्य सरकारने ती नाकारली; आणि टाक्या तपासून पाहाव्यात तो त्या रिकाम्या!

तेव्हा येथील तहान खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. केन-बेतवा जोडयोजनेविषयी शंका काढणाऱ्यास ‘तुमच्या बंगल्यात नळ आहे म्हणून तुम्हांस झाडे सुचतात’ असा टोला मिळतो, आणि तो अगदीच अनाठायी नसतो. पण तहान खरी असली म्हणजे तिच्या नावावर केलेला प्रत्येक अंदाजपत्रकी आकडा खरा ठरतो काय?

दौधन येथे ७७ मीटर उंचीचे धरण, २२१ किलोमीटरांचा कालवा, ४४,६०५ कोटी रुपये खर्च. लाभ मिळणाऱ्या जिल्ह्यांत आपली झाशीही आहे. यासाठी ६,०१७ हेक्टर वनजमीन द्यावयाची. तीतील बहुतेक पन्ना व्याघ्र प्रकल्पातली आहे. तेथे २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता, आणि बाहेरून वाघ आणून त्यांचा वंश पुन्हा वाढवावा लागला. वीस लाखांहून अधिक झाडे जाणार, ती निराळीच.

आमचा खरा रोष कामाच्या क्रमावर आहे. २०१७ साली पर्यावरणाची मंजुरी आणि वनमंजुरीचा पहिला टप्पा पार पडला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने विचारले की, केनच्या वरच्या खोऱ्यातले लहान पर्याय आधी का तपासले नाहीत? तरी २०२१ साली मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, २०२३ साली अंतिम वनमंजुरी, आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहोस पायाभरणी झाली. केनमध्ये जास्तीचे पाणी आहे, या एका विधानावर सारा डोलारा उभा आहे. आणि गंगेचे खोरे आंतरराष्ट्रीय म्हणून त्या पाण्याचे आकडे गोपनीय! दोन शेजारच्या नद्या. पाऊस रुसला तर तो बहुधा दोघींवर रुसतो, हे बुंदेलखंडातल्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे.

‘अटींसह मंजूर’ या शेऱ्याची किंमत आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावी? त्यांपैकी पुष्कळांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला असेल. अट घालणारा मोकळा होतो, पाळणारा दुसऱ्याच खात्यात असतो, आणि तपासणाराची तोवर बदली होते. झाडांच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावा, ही त्यांतली सर्वांत आवडती अट. परंतु पन्नाची गिधाडे केनच्या कड्यांवर घरटी करतात. कड्याचे वनीकरण कसे करावयाचे, याची टिप्पणी कोणी लिहून दाखवील काय?

मोठे काम करूच नये, असा आमचा हट्ट नाही. परीछ्याचा बंधारा एकोणिसाव्या शतकातला, माताटीला स्वातंत्र्यानंतरचे. दोन्ही बेतवेवर आहेत आणि त्यांचे पाणी आपण घेतो. मात्र चंदेलांनी हा मुलूख आधी नीट वाचला होता. खाली कठीण ग्रॅनाइट, त्यामुळे पाऊस मुरत नाही, वाहून जातो. म्हणून उताराला आडवा बांध घालून त्यांनी तळी केली. महोब्याचे कीरत सागर आणि मदन सागर आठ-नऊशे वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्यांस दगड तेथलाच लागला आणि जंगल बुडवावे लागले नाही. ही तळी एकट्याने सारा बुंदेलखंड भिजवतील, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करीत नाही. पण धरणाचा अंदाज बांधण्यापूर्वी त्यांच्या गाळाचा अंदाज बांधावयास हवा होता.

आमच्या वाचकवर्गात पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांतली मंडळी आहेत. एकेका तळ्याचा गाळ काढण्यास काय खर्च येईल, त्यात पाणी किती वाढेल आणि त्यावर किती रान भिजेल, असा हिशेब त्यांच्यापैकी कोणी मांडून पाठविला, तर पुढील अंकात त्यास आम्ही पहिले पान देऊ. तो आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध गेला तरीही.