फ्यूज कोणाला वाचवतो?

दिवाळी जवळ आली की घराला उटणे लागते. माळ्यावरची पितळी भांडी उतरतात, पडदे धुतले जातात, भिंतींना रंग चढतो. दारावरच्या काळवंडलेल्या लाकडी पट्टीतून घरभर वीज फिरते, तिच्याकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाही. रंगारी तेवढा तिच्यावरूनही एक हात फिरवून जातो!

मुंबई-पुण्याच्या जुन्या चाळींत आणि वाड्यांत असे वायरिंग मी अजूनही पाहतो. आतल्या तारेवर रबराचे वेष्टन, त्यावर सुती वीण. वयाने आणि उष्णतेने रबर कडक होते, तडकते; हलवले की त्याचे तुकडे हातात येतात. ही तार ओढली तेव्हा घरात दोन दिवे, एक पंखा आणि फार तर रेडिओ होता. आज तिच्यावर फ्रिज, इस्त्री आणि गीझर यांचा भार आहे. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो. जुने सॉकेट ५ अँपिअरचे. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते.

मग फ्यूज उडू लागतो. घरातला एखादा हुशार भाऊजी त्यात जाड तार पिळून बसवतो. फ्यूज उडायचा थांबतो, मंडळी खूश! पण आता जळण्याची पाळी भिंतीतल्या तारेवर आली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

"अहो, आम्ही नवा एमसीबी बसवलाय. आता कसली भीती?" असे मला पुष्कळजण विचारतात. वाचकहो, फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोघेही तारेचे राखणदार, माणसाचे नव्हेत. हृदय बंद पाडायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्तादेखील लागत नाही.

माणसाला राखणाऱ्या गोष्टी दोन. पहिली अर्थिंग. प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड असते ती उगीच नव्हे. ती सर्वांआधी जोडली जावी म्हणून. जुन्या वायरिंगमध्ये ही तिसरी तारच नसते. तिच्यावाचून बसवलेले तीन भोकांचे सॉकेट म्हणजे निव्वळ शोभा! दुसरी गोष्ट आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा प्रवाह हे यंत्र सतत तोलते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. तेवढी गळती होताच ते क्षणार्धात वीज तोडते. त्यावरचे 'टी' अक्षराचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही, तर यंत्र बदला. मात्र दोन्ही तारा एकदम हातात आल्या, तर तेही आंधळेच.

खर्च कोणी करायचा, यावर मालक आणि भाडेकरू वर्षानुवर्षे भांडतात. वीज कोणाची बाजू घेत नाही. गॅलरीत आकाशकंदिलाची उघडी टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचलेली असतात आणि खाली पोरे फुलबाज्या घेऊन धावत असतात. त्यांना भाडेपावतीचा काय उपयोग?

तेव्हा या वर्षी रंगाऱ्याच्या आधी परवानाधारक वायरमनला बोलवा. रंग पुढच्या दिवाळीला दिला, तर भिंती रुसणार नाहीत!